शून्य रुपयांचं तिकीट

परवा वाई–पाचगणी गाडीत एका तरुण कंडक्टरने माझं आधार कार्ड दोनदा पाहिलं. एकदा सरळ, एकदा खिडकीच्या उजेडाकडे धरून. "पंच्याहत्तरीचे वाटत नाही आजोबा," म्हणाला. मी म्हटलं, "बसलोय म्हणून. पाचगणी आली की बघ, उठताना वाटेन." पोरगं हसलं आणि मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं.

मी स्वतः १९७४ ते २००७ एसटीत कंडक्टर होतो. तिकिटांची पेटी, चिमटा, वेबिल आणि खांद्याला चामड्याची पिशवी. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट झाली, तेव्हा मला दोन वर्षं कमी पडत होती. आयुष्यात पहिल्यांदाच लवकर म्हातारं व्हावंसं वाटलं. आता शहात्तर चालू आहे. साखर आहे, बीपी आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, उजव्या कानाने जवळजवळ राजीनामा दिलाय, डोळ्यांत भिंगं बसवलीत, तोंडात कवळी आहे आणि प्रोस्टेटची एक मोठी कथा आहे, ती पुढे येईल. एवढं सगळं घेऊन तू हसतोस कसा, असं कट्ट्यावर बरेच जण विचारतात. म्हणून हे लिहायला घेतलं. औषधपाण्याचं डॉक्टरांना विचारा. गाडीत गर्दी झाली तर काय करायचं, तेवढं मला माहीत आहे.

पासवाले ओळखा

कंडक्टरच्या हातात स्टेअरिंग नसतं. कुठली गाडी मिळणार ते सकाळी आगारात कळतं, आणि चालवणारा दुसराच. आपण करायचं काय, तर हिशेब ठेवायचा आणि चढलेल्या माणसांशी नीट बोलायचं.

आता चढणाऱ्यांत दोन जाती. तिकीटवाला त्याचा थांबा आला की उतरतो. पासवाला मात्र उद्याही त्याच थांब्यावर, त्याच वेळेला उभा असतो. सर्दी, ताप, पोट बिघडणं हे तिकीटवाले. साखर, बीपी, गुडघे हे पासवाले. पासवाल्याशी रोज भांडणारा कंडक्टर मी पाहिलाय. त्याचा घसा बसतो, पासवाला तसाच बसलेला असतो.

मी साखरेशी दोन वर्षं भांडलो. कारल्याचा रस झाला, भिजवलेल्या मेथ्या झाल्या, भावकीतल्या एकाने दिलेला काढा झाला. काढा सुरू आहे म्हणून गोळ्या मनानेच बंद केल्या. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एक तपासणी असते, एचबीएवनसी म्हणतात. ती ९.८ आली. तेव्हा कळलं की हा प्रवासी उतरणार नाही, त्याला जागा करून द्यावी. गोळ्या वेळेवर, भात निम्मा, जेवल्यावर अर्धा तास चालणं. आता आकडा सातच्या आसपास असतो. साखर खिडकीपाशी बसते, मी माझं काम करतो.

तुम्हीही एका कागदावर दोन रकाने पाडा. उतरणारे डावीकडे, न उतरणारे उजवीकडे. कोण कुठे ते डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण न उतरणारा वाटलेला कधी कधी चक्क उतरतो. मला दोन वर्षं चक्कर यायची ती कानातल्या दोषाची निघाली आणि डोकं विशिष्ट तऱ्हेने वळवायच्या दोन-तीन खेपांत गेली. वयाचा परिणाम म्हणून मी तिला पास देऊन बसलो होतो.

उजव्या रकान्यातल्यांना नावं द्या. माझा डावा गुडघा खंबाटकी घाट आणि उजवा पसरणी घाट. सकाळी आमची मंडळी चहा ठेवता ठेवता विचारते, "आज पसरणीत काय परिस्थिती?" मी सांगतो, "एकेरी वाहतूक चालू आहे." ह्याचा फायदा असा की रोज विचारता येतं आणि कुणाचा चेहरा पडत नाही. "गुडघा कसा आहे हो?" असं रोज विचारलं असतं, तर चौथ्या दिवशी मीच खेकसलो असतो.

वेबिल लिहा

कंडक्टरचं वेबिल म्हणजे कुठल्या टप्प्याला कुठल्या नंबरापर्यंत तिकिटं गेली त्याचा हिशेब. गाडीत तपासणीस चढला की आधी ते मागतो. स्मरणशक्तीवर कुणी हिशेब देत नाही. डॉक्टरांकडे मात्र आपण सगळे स्मरणशक्तीवर जातो. "साखर किती होती?" "जरा जास्त होती." "कधी?" "मधे एकदा."

मी शंभर पानी वही घातली आहे. रोज एक ओळ. कालची ओळ अशी: उपाशी १२८, बीपी १३६/७८, रात्री दोनदा उठलो, पसरणी बंद, दुपारी पुरणपोळी (अर्धी). हे 'अर्धी' मंडळींनी स्वतःच्या हाताने खोडून 'दीड' केलं आहे. चालेल, तपासणीस घरातच असलेला बरा.

आकडा खरा यायचा तर मोजणी नीट हवी. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवलेला. अर्धा तास आधीपासून चहा आणि तंबाखू बंद. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. मशीन चालू असताना बोलायचं नाही. माझ्यासारख्याला सगळ्यात अवघड हेच. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजून दोन्ही आकडे लिहायचे.

साखर मोजताना बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. आणि आधी हात धुवा. मागच्या वैशाखात माझी साखर ३१२ आली. घरात धावपळ. पोराला हडपसरला फोन. सूनबाईने शांतपणे विचारलं, "आबा, आंबा चिरला होता का?" चिरला होता, बोटं नुसती पंचाला पुसली होती. साबणाने हात धुऊन पुन्हा मोजली तर १७१. मी आंबा खाल्ला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगतो. कुणी विश्वास ठेवत नाही, ते सोडा.

साखर वाढते तशी पडतेही, आणि पडलेली जास्त घाईची. दरदरून घाम, हात थरथरणं, उगाच चिडचिड. ७० च्या खाली आकडा दिसला तर बिस्कीट कुरतडत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. नसेल चढली तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. माझ्या सदऱ्याच्या खिशात पूर्वी सुट्टे पैसे असायचे, आता खडीसाखर असते. नातवाला ते ठाऊक आहे, त्यामुळे साठा सारखा तपासावा लागतो.

एक घंटी, दोन घंट्या

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोरी ओढायचे दिवस गेले, पण सकाळी अंथरुणातून उठताना मी अजून घंटी देतो. जाग आली की एक घंटी. पडल्या पडल्या पावलं दहा वेळा वरखाली. मग कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन पलंगाच्या कडेला बसायचं. पाय जमिनीला टेकवून सावकाश साठ आकडे मोजायचे. डोकं गरगरलं नाही तरच दोन घंट्या. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं रक्त झटक्यात उभं राहिल्यावर डोक्यापर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि तेवढ्यात माणूस आडवा होतो. रात्री लघवीला उठताना ही घाई सगळ्यात जास्त होते. नातू सुट्टीत आला की शेजारच्या गादीवरून तोच "टिंग टिंग" करतो. त्याने घंटी दिल्याशिवाय मी उठायचं नाही असं आमचं ठरलंय, आणि एकदा तो मुद्दाम दहा मिनिटं गप्प पडून राहिला.

घरातल्या घरात पडायच्या जागा ठरलेल्या असतात. ओली मोरी, दारातलं पायपुसणं, लोंबती लुंगी, अंधारातला उंबरठा. मोरीत भिंतीला दांडी बसवून घ्या, टॉवेल वाळत घालायची नको, माणसाचा भार पेलणारी. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर बारीक दिवा ठेवा. लुंगी घोट्याच्या वर. आमच्याकडे दांडी बसवायचं बरेच दिवस लांबलं, कारण मला ती अपमानाची वाटत होती. मग मंडळी म्हणाली, "तेहेतीस वर्षं गाडीत दांडीला धरून उभे राहिलात, तेव्हा कुठे अपमान झाला?" दुसऱ्या दिवशी प्लंबरला बोलावलं.

काठीचंही तसंच. शंभरातले नव्वद जण काठी चुकीच्या हातात धरतात, हा आकडा माझा, कट्ट्यावर बसून मोजलेला. दुखरा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातात. डाव्या हाताची काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे. उंची अशी की चप्पल घालून ताठ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि टोकाचं रबर झिजलं की बदला, किंमत चहाभजीपेक्षा जास्त नाही.

कान

हे मी सगळ्यात जास्त वर्षं टाळलं. मला ऐकू येत नाही हे मला मान्यच नव्हतं. लोक पुटपुटायला लागलेत अशी माझी समजूत होती. नातवाचं तर एक अक्षर कळायचं नाही. नंतर तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं की वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे बायकांचे आणि मुलांचे. शिवाय स, फ, त असली व्यंजनं विरघळतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग आपण अंदाजाने उत्तरं देतो. लग्नात व्याह्यांनी विचारलं, "प्रवास कसा झाला?" मी सांगितलं, "दोनदा जावं लागतं रात्री."

तपासणीला एका बंद खोलीत बसवतात. कानाला हेडफोन, हातात बटण. बारीकशी टिंग ऐकू आली की दाबायचं. जन्मभर मी घंटी वाजवली आणि पुढच्याने ऐकली, आता उलटी ड्युटी. मी तर सवयीने दोनदा दाबत होतो. बाई म्हणाल्या, "काका, एकदाच दाबा." मी म्हटलं, "एकदा दाबलं तर गाडी थांबते हो."

मशीन कानात बसवून घरी आलो तो पहिला दिवस विसरणं शक्य नाही. माझ्याच चपला एवढा आवाज करतात? वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा ओढल्यासारखं वाटलं. नळ ठिबकत होता, मंडळी म्हणाली तो वर्षभर ठिबकतोय. संध्याकाळी मी ओट्याशी पाठमोरी उभी असलेली ती बघत होतो. भाजी परतता परतता ती हळू आवाजात म्हणाली, "मशीन घेतलं, आता मशीन कुठे ठेवलं ते मला शोधायला लावतील." मी मागून म्हटलं, "कानातच आहे." झारा पडला. तेव्हा लक्षात आलं, किती तरी वर्षं ही बाई माझ्याबद्दल मोकळेपणाने बोलत होती आणि तिचं ते एवढं सुख मी हिरावून घेतलं. आता दुपारी चार ते पाच मी मशीन काढून ठेवतो. त्या तासात ती काय बोलते ते विचारत नाही.

सवय व्हायला महिना-दीड महिना द्या. पहिल्या आठवड्यात घरात, शांततेत, दोन-दोन तास. मग दारात, मग बाजारात. लग्नाच्या हॉलमध्ये एकदम घालून गेलात तर मशीन कायमचं कपाटात जातं. असली कपाटात गेलेली मशीनं मला आमच्या आळीतच तीन माहीत आहेत. गोळीसारख्या बॅटरीवरचा कागद काढला की ती मिनिटभर उघडी ठेवून मग बसवा, तिला हवा लागते. आंघोळीला काढायचं. आणि घेण्याआधी कानातला मळ काढून घ्या, काहींचं कदाचित तेवढ्यावरच भागेल.

घरच्यांनीही एक शिकायचं असतं. ओरडू नका. समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. दुसऱ्या खोलीतून हाक मारून "ऐकूच येत नाही यांना" म्हणणं हा अन्याय आहे.

विनोद कुठे करायचा नाही

आता प्रोस्टेट. मला हे लिहायची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणूनच लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीला गेलो असताना डॉक्टरांनी विचारलं, "रात्री किती वेळा उठता?" खरं उत्तर होतं पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं उभं राहून थेंब थेंब. मी म्हणालो, "साहेब, नाईट ड्युटी लागलीय. दर तासाला फेरी, पण प्रवासी कमी." डॉक्टर खळखळून हसले. मीही हसलो. त्या हसण्यात विषय निघून गेला, आणि कागदावर बीपीची गोळी तेवढी आली.

चार महिन्यांनी सर्दी झाली. दुकानातून मागून एक सर्दीची गोळी घेतली, दुपारी एक, रात्री एक. पहाटे दोनला उठलो तर लघवी होईना. अडीचला होईना. ओटीपोट दगडासारखं, घाम, आणि वेदना अशी की खंबाटकी-पसरणी आठवले नाहीत. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. नळी घातली तेव्हा जवळजवळ लिटरभर निघाली. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की प्रोस्टेटची गाठ वाढलेली असेल तर सर्दीच्या काही गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, लघवी तुंबते. मग त्यांनी विचारलं, "आधी त्रास नव्हता का? कुणाला सांगितलं नाही?" सांगितलं होतं हो. फार छान सांगितलं होतं.

तेव्हापासून एक नियम आहे. डॉक्टरांसमोर आधी आकडा, मग किस्सा. पाच वेळा म्हणजे पाच वेळा. छातीत दुखतं म्हणजे दुखतं, कुठे, किती वेळ, चालताना की बसल्यावर, ते वहीत लिहून नेतो आणि वही पुढे सरकवतो. डॉक्टरांचं लिहून झालं, पेन खाली ठेवलं, की मग नाईट ड्युटीचा विनोद. तेव्हा त्यांनाही मोकळेपणाने हसता येतं. मंडळींना सोबत नेतो, कारण तिला माझे विनोद पाठ आहेत आणि ती मधेच तोडते.

प्रोस्टेटवाल्यांसाठी अजून थोडं. दिवसभर पाणी नेहमीसारखंच प्या, संध्याकाळी सातनंतर कमी करा. रात्रीचा चहा सोडा. पलंगाजवळ प्लास्टिकचं युरिनल ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, मुक्कामी गाडीवर आम्ही याहून अवघड दिवस काढलेत. कुठलीही गोळी घेताना दुकानदाराला "प्रोस्टेट आहे" हे आधी सांगा. आणि लघवी पूर्ण बंद झाली तर सकाळची वाट बघू नका.

दुसरी बंदी: दुसऱ्याच्या आजारावर पहिला विनोद आपण करायचा नाही. त्याने केला तर मग हरकत नाही.

किरकोळ सामान

कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात टाकलीत तर वाकडी होईल. झाकणाचा डबा घ्या. मी स्टीलच्या पेल्यात ठेवायचो, पाहुण्याने पहाटे तो पेला उचलला होता. हिरड्या आकसत जातात म्हणून दर काही वर्षांनी बसवणी तपासून घ्यावी लागते, नाहीतर भांडणात ऐन वेळी शब्दांच्या आधी दात बाहेर येतात.

मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नका. थेंब वेळेवर, महिनाभर डोळ्यावर नळाचं पाणी नाही, डोळा चोळायचा नाही. पट्टी काढल्यावर जग धुतल्यासारखं दिसलं. घरातली जळमटं दिसली. आरशात एक म्हातारा दिसला, तो कधी राहायला आला ते समजलं नाही.

विसरण्याचं म्हणाल तर चष्मा कुठे ठेवला हे विसरणं, नाव जिभेवर अडकणं ही घरोघरची गोष्ट. पण चष्मा कशासाठी असतो तेच आठवेना, रोजच्या वाटेवर घर सापडेना, तर त्यावर हसू नका, दाखवायला जा. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत मुलाचा नंबर, १०८ आणि ज्येष्ठ नागरिकांची मदतवाहिनी १४५६७ लिहून ठेवली आहे. मृत्युपत्रही करून टाकलं. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नका. लिहून झाल्यावर मंडळी म्हणाली, "बघू, मला काय सोडलंत?" मी म्हटलं, "चार ते पाचचा तास."

कट्टा

कृष्णेच्या घाटावर आम्ही सात जण बसायचो, आता पाच. नियम असा की पहिल्या चहापर्यंत आजार बोलायचे, चहा संपला की जो आजार काढेल त्याने डब्यात दहा रुपये टाकायचे. महिनाअखेर त्याची भेळ. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी मूळव्याधीवर एकटे अर्धी भेळ पुरवतात.

तात्या आगारात मेकॅनिक होता. फुप्फुसं गेली, घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा काय बोलावं सुचेना, "होशील बरा" म्हणालो. त्याने नळी बाजूला करून सांगितलं, "खोटं बोलायचं तर चांगलं बोल, मी तीस वर्षं ड्रायव्हरांची ऐकलीत." त्यानंतर मी तसलं बोललो नाही. वीस मिनिटं बसायचो, आगारातलं काहीतरी सांगायचो, तो दमला की उठायचो. मशीनचा फिल्टर आठवड्याला धुवायला त्याने सुनेला शिकवलं. "हे इंजिन घरघरतंय, आतला मेकॅनिक तरी काय करणार," असं स्वतःच्या छातीवर टिचकी मारून म्हणायचा. आजारी माणसाला भेटायला जाताना मी आता हाच हिशेब ठेवतो: वीस मिनिटं, खोटा धीर नाही, विनोदाची पहिली पाळी त्याची.

गेल्या आषाढात गेला. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पाऊण तास झाला. पोरगा हात जोडून सांगतोय, आईला सांभाळीन, सून सांगतेय, भाऊ बांधाचं सांगतोय. कावळे झाडावर, जागचे हलत नाहीत. शेवटी मी काठी टेकत पुढे झालो आणि म्हटलं, "तात्या, तुझा दहा-अकराचा पाना माझ्याकडे आहे. ब्याऐंशी सालापासून. परत करतो." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात एक कावळा उतरला. पोरगा रडता रडता हसायला लागला, मग त्याची आईही. पाना मी दुसऱ्या दिवशी तेलाने पुसून नेऊन दिला. पोराने तो परत माझ्याच हातात ठेवला. आता माझ्यासाठी काय कबूल करायचं ते कट्ट्यावर आधीच ठरवून ठेवलंय. डब्यातली भेळ.

हयात

आमच्या ईपीएस-९५ पेन्शनला वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. वर्षभरात कधीही दिला तरी पुढे बारा महिने चालतो, तरी आम्ही जुने लोक नोव्हेंबरातच रांग लावतो. मागच्या नोव्हेंबरात मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी, लाल. दहाही बोटं झाली. म्हातारपणी बोटांवरच्या रेषा पुसट होतात, त्यात माझी तर नोटा आणि तिकिटं मोजण्यात गेलेली. खिडकीतला मुलगा अवघडून म्हणाला, "काका, जुळत नाही." मी विचारलं, "म्हणजे मी आहे की नाही?"

तसं कुणाचं झालं तर घाबरू नका. मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, आधारशी जोडलेला नंबर जवळ असला म्हणजे झालं. घरी नातवाने फोन माझ्यासमोर धरला. "आबा, कॅमेऱ्याकडे बघा. डोळ्यांची उघडझाप करा." मी केली. मागून मंडळी म्हणाली, "एवढं गोड माझ्याकडे कधी बघितलं नाहीत." मला हसू फुटलं आणि चौकट हलली. दुसऱ्यांदा कवळी सरकली. तिसऱ्या वेळेला नातवाने एका हाताने माझी हनुवटी धरली, श्वास रोखून मी डोळे मिटले, उघडले, आणि पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं आबा," तो म्हणाला, "पुढच्या नोव्हेंबरपर्यंत." मग माझ्या कानाशी येऊन, मशीन आहे त्या बाजूला, हळूच म्हणाला, "टिंग टिंग."